पुरुषांचे एक न बोललेले दुखणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दाढ दुखली तर माणूस गालाला हात लावून गावभर सांगत फिरतो. गुडघा दुखला तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही कोणते तेल लावू म्हणून विचारतो. पण लघवीच्या जागेची कातडी घट्ट झाली, मागे सरकेनाशी झाली, तर तोच माणूस सहा-सहा महिने, कधी पाच-पाच वर्षे गप्प राहतो. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही. दवाखान्यात गेलाच, तर 'जरा अशक्तपणा वाटतो' म्हणून टॉनिक लिहून घेतो आणि परत येतो.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. मग हा विषय मी का घेतला? कारण या दुखण्यात औषधाच्याही आधी शब्द लागतो. जिथे शब्द अडतो तिथे उपचार अडतो. आणि दुसरे कारण असे, की या दुखण्याच्या एका उपचाराचे नाव ऐकून आपल्याकडची माणसे दचकतात. त्या नावाशी माझा जन्मापासूनचा परिचय आहे. त्याविषयी पुढे बोलूच.

आधी दुखणे काय ते समजून घेऊ. पुरुषाच्या लिंगाच्या टोकाला जो गोलसर भाग असतो त्याला आपल्या जुन्या वैद्यांनी 'मणी' असे सुंदर नाव दिले आहे. या मण्यावर कातडीचे एक सैलसर आवरण असते. मोठ्या माणसात ते सहज मागे सरकावे आणि सहज पुढे यावे, अशी निसर्गाची योजना. या आवरणाचे तोंड आवळले गेले आणि ते मागे जाईनासे झाले, की डॉक्टर त्याला 'फायमोसिस' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ मुसके. मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला आपण बांधतो ते मुसके. नाव देणाऱ्याने नेमके दिले आहे.

इथे आईवडिलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. लहान मुलात ही कातडी मागे न जाणे हा आजारच नव्हे. जन्मतः ती मण्याला आतून चिकटलेली असते आणि हळूहळू आपली आपण सुटत जाते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम चौघांची कातडी मागे जात होती. तीन वर्षांच्या मुलांत हे प्रमाण नव्वदच्या घरात गेले होते. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुले तपासली. सहा-सात वर्षांच्या मुलांत शंभरात आठ जणांची कातडी घट्ट होती. सोळा-सतरा वर्षांपर्यंत ते प्रमाण शंभरात एकावर आले. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत वय हेच औषध. तरीही आपल्याकडे आंघोळ घालताना आजी, मावशी किंवा एखादी जाणती बाई बाळाची कातडी जोराने मागे ओढते. हेतू स्वच्छतेचा असतो. पण त्या ओढण्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि जी कातडी आपोआप सुटणार होती ती कायमची आखडते. बाळाला बाहेरून पाणी घाला, तेवढे पुरे. लघवी करताना कातडीचा फुगा होऊन मूल रडत असेल, वारंवार सूज येत असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोठ्या माणसाची गोष्ट वेगळी. आजवर व्यवस्थित मागे जाणारी कातडी पंचेचाळिशी-पन्नाशीत घट्ट होऊ लागली, तर त्यामागे काहीतरी कारण असते. आणि आपल्याकडे त्या कारणांत मधुमेह मोठा आहे. रक्तातली साखर वाढली की ती लघवीतून बाहेर पडू लागते. त्या गोड ओलसर जागी बुरशी वाढते. खाज सुटते, पांढरा थर जमतो, कातडीच्या कडेला उभ्या चिरा पडतात. चीर भरते, पुन्हा पडते. दर खेपेला तोंड थोडे अधिक आवळते. कित्येक पुरुषांना आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा या तक्रारीमुळेच कळते. म्हणून अशी तक्रार घेऊन गेल्यावर डॉक्टर आधी साखर तपासायला सांगतात. ते बिल वाढवण्यासाठी नसते.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांचाही इथे उल्लेख केला पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी त्यांची नावे. या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी त्यांचा मोठा फायदा आहे. पण साखर लघवीत उतरल्यामुळे बुरशीचा त्रास काहींना होतो. असा त्रास झाला तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रोज पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरे कारण म्हणजे 'लायकेन स्क्लेरोसस' नावाचा कातडीचा विकार. यात कातडी पांढुरकी, जाड आणि चिवट होते, जणू चामड्याचा जुना पट्टा. हा विकार संसर्गजन्य नाही, कुणाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. पण तो दुर्लक्षिला तर लघवीचे तोंडही अरुंद करतो. म्हणून तो लवकर ओळखावा लागतो.

आता उपचारांकडे वळू. त्याआधी एक सांगतो. हे दुखणे परक्या देशातून आलेले नाही आणि त्यावर बोलणेही नवे नाही. सुश्रुतसंहितेत त्याला 'निरुद्धप्रकश' असे नाव आहे. कातडी मण्याला वेढून मूत्रमार्ग अडवते, धार बारीक होते, असे त्याचे वर्णन आहे. उपचारही दिला आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्हीकडे तोंड असलेली नळी करावी, तिला तूप लावावे, अलगद आत घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी वापरावी. म्हणजे तोंड धसमुसळेपणाने न फाडता हळूहळू रुंद करायचे. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो तिच्या आचार्यांना हे लिहिताना लाज वाटली नव्हती, एवढे लक्षात ठेवावे.

आजच्या वैद्यकातला पहिला उपचार त्याच वाटेने जातो. स्टेरॉइडचे मलम, बहुधा बेटामेथासोन, दिवसातून दोन वेळा कातडीच्या आवळलेल्या कडेला लावायचे. साधारण चार ते आठ आठवडे. त्याबरोबर कोमट पाण्याने आंघोळ करताना कातडी हलक्या हाताने थोडी थोडी मागे घ्यायची. ताण जाणवावा, पण दुखू नये. दुखले की थांबायचे. आणि प्रत्येक वेळी कातडी पुन्हा पुढे आणायची, हे विसरायचे नाही. ज्यांच्या कातडीवर जुना व्रण नाही अशा पुष्कळांना एवढ्यानेच गुण येतो, विशेषतः मुलांना आणि तरुणांना. बरे वाटल्यावर रोजच्या आंघोळीत कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुण्याची सवय ठेवावी लागते, नाहीतर ती पुन्हा आखडते. साबण आत चोळू नये, डेटॉल तर मुळीच नको. त्याने आग होते आणि सूज वाढते.

औषधाच्या दुकानात जाऊन 'खाजेचे मलम द्या' म्हणणे मात्र टाळा. तिथे हाती पडते ते बहुधा दोन-तीन औषधे एकत्र केलेले, जहाल स्टेरॉइडचे मलम. चार दिवस बरे वाटते आणि पुढे कातडी पातळ होते, बुरशी हट्टी होते. मलम तेच असले तरी कोणते, कुठे, किती दिवस, हे तपासल्यावरच ठरते.

मलमाने भागले नाही, तर लहानशी शस्त्रक्रिया. तिचे प्रकार आहेत. कधी कातडीच्या खालच्या बाजूला मण्याशी जोडणारा जो बारीक दोरा असतो तोच आखूड असतो. संबंधाच्या वेळी तो ताणतो, फाटतो, रक्त येते आणि नवविवाहित तरुण घाबरून जातो. तो दोरा मोकळा करून टाके घालणे, एवढे काम असते. कधी आवळलेल्या कडेला छोटा उभा छेद देऊन तो आडवा शिवतात. त्याने तोंड रुंद होते आणि कातडी शाबूत राहते. ज्याला कातडी काढायची नाही त्याने याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र लायकेन स्क्लेरोसस असेल किंवा व्रण फार असेल, तर ही युक्ती टिकत नाही.

तिथे तिसरा उपचार येतो. पुढची कातडी काढून टाकण्याचा. डॉक्टर त्याला सरकमसिजन म्हणतात. मराठीत त्याला शब्द एकच आहे, सुंता. आणि अनेकांच्या उपचाराची गाडी या शब्दापाशी येऊन थांबते.

आमच्या तालुक्याच्या गावी ओळखीचे एक शेतकरी आहेत, वय पंचावन्नच्या आसपास. एकदा चहाच्या टपरीमागे मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "भाई, तुमच्यात हे करतात म्हणून तुम्हालाच विचारतो. सर्जननं सुंता करायला सांगितलीय. दोन वर्षं झाली, लघवीला त्रास होतो. पण घरात देव्हारा आहे. मी माळकरी माणूस. केली तर चालेल का?"

मी त्यांना म्हणालो, "दादा, तुमच्या थोरल्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा कुठल्या देवाला विचारलं होतं?" ते हसले. हसल्यावर माणूस ऐकतो. मग त्यांनी साखर तपासली का, हे विचारले. तपासली नव्हती. तपासली तेव्हा ती बरीच वाढलेली निघाली. आधी साखर आटोक्यात आणली गेली आणि नंतर शस्त्रक्रिया झाली. सकाळी दाखल झाले, संध्याकाळी घरी आले. पुढच्या आषाढीला ते वारीत चालले.

त्यांची भीती मला हास्यास्पद वाटत नाही. या कातडीवरून माणूस कुठल्या धर्माचा हे ओळखले गेले आहे आणि त्यावरून त्याचा जीव राहिला किंवा गेला आहे. १९४७ च्या फाळणीत हे दोन्ही बाजूंनी घडले. एवढा इतिहास ज्या शब्दाला चिकटला आहे तो शब्द दवाखान्यात ऐकून माणूस बिचकणारच. पण दवाखान्याच्या केसपेपरवर तो शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की आजारी कातडी काढून टाकायची आहे. आमच्याकडे खतना ही पैगंबरांची सुन्नत म्हणून, म्हणजे परंपरा म्हणून होते. कुराणात तिचा उल्लेख नाही. ज्यू लोकही ती करतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली कुटुंबांत मुलगा आठ दिवसांचा झाला की हा विधी होतो. त्यात विधी असतो, दुआ असते, पाहुणे असतात. सर्जनच्या टेबलावर यातले काहीही नसते. तिथे कुणाचा धर्म लागत नाही आणि कुणाचा जातही नाही.

आमच्या समाजालाही या निमित्ताने दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, मुलाचा खतना दवाखान्यात, निर्जंतुक हत्यारांनी, शिकलेल्या डॉक्टरांकडूनच करा. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा विकार असेल तर तो आधी सांगा. दुसरी, खतना झाला म्हणजे पुढे काहीच होणार नाही, असे समजू नका. मधुमेहाने मण्याला सूज येणे, खाज येणे हे खतना झालेल्यालाही होऊ शकते.

शस्त्रक्रियेची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून तिचे स्वरूप सांगतो. मोठ्या माणसात ती बहुधा जागा बधिर करून किंवा कमरेखाली भूल देऊन करतात. अर्धा-पाऊण तास लागतो. टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरघळतात. आठवडाभर सूज आणि दुखणे असते. साधारण चार ते सहा आठवडे संबंध टाळायचा असतो. रक्तस्राव किंवा पू होणे असे त्रास काहींना होतात आणि बहुतेक वेळा ते उपचाराने निभावतात. मूल होण्याच्या क्षमतेशी या कातडीचा संबंध नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत करण्यात आले. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात सर्जन असतात आणि ही शस्त्रक्रिया त्यांच्या हातची असते.

या दुखण्यात घाई करावी लागते असा एक प्रसंग आहे. घट्ट कातडी एकदा मागे गेली आणि मण्याच्या मागे अडकून बसली, पुढे येईना, तर ती रबर बँडसारखी आवळते. मणी सुजतो, जांभळा पडू लागतो. सुश्रुतसंहितेत याला 'परिवर्तिका' म्हटले आहे. तूप लावून, शेकून, मणी हळूहळू दाबत कातडी पुढे आणावी, असे तिथे सांगितले आहे. आजचे डॉक्टरही सूज दाबून उतरवतात आणि तसेच करतात. पण हा उपचार घरी करत बसू नका. रात्र असली तरी त्याच रात्री दवाखाना गाठा. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना लघवीची नळी घातलेली असते, तेव्हा साफसफाई करताना मागे घेतलेली कातडी पुढे आणायची राहून जाते आणि नेमके हेच घडते. घरी रुग्णसेवा करणाऱ्या मुलांनी, सुनांनी, आयाबाईंनी एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक तक्रार पुरुष मनात ठेवून झुरतात. 'ते आत जातंय, लहान होतंय.' थंडीत, भीतीने, दमल्यावर लिंग आखडते. हे निसर्गाचे आहे, थोड्या वेळाने पूर्ववत होते. पोट सुटलेल्या माणसात ओटीपोटाखाली चरबी साचते आणि लिंग त्या चरबीत बुडते. लांबी तीच असते, दिसते कमी. वजन उतरवणे हा तिथला पहिला उपाय. बुडलेल्या भागात सतत ओल राहून कातडी आखडली असेल, लघवी अंगावर उडत असेल, तर युरॉलॉजिस्टला दाखवावे लागते. कधी चरबी काढून, नवी कातडी लावून ते मोकळे करतात. इथे एक सावधगिरी हवी. असे बुडालेले लिंग असताना नेहमीसारखी सुंता केली तर उरलेली कातडी अपुरी पडते आणि ते आणखी आत अडकते. लहान मुलांनाही हे लागू आहे. म्हणून आधी नीट तपासणी, मग निर्णय.

केवळ भीतीने असे वाटण्याच्या तर साथी आल्या आहेत. १९६७ साली सिंगापूरमध्ये अफवा उठली, की लस टोचलेल्या डुकरांचे मांस खाल्ल्याने लिंग आत जाते आणि माणूस मरतो. शेकडो पुरुष दवाखान्यांत धावले. लिंग आत जाऊ नये म्हणून कुणी हाताने, कुणी चिमट्याने धरून आले. या प्रकाराला 'कोरो' म्हणतात. १९८२ मध्ये आपल्याकडे आसाम आणि उत्तर बंगालमध्येही अशी साथ आली. सिंगापूरची साथ औषधाने हटली नाही. डॉक्टरांनी वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून लोकांना उघडपणे सांगितले, की लिंग असे शरीरात शिरू शकत नाही, हा मनाचा घाबरटपणा आहे. तसे सांगितल्यावर रुग्ण कमी होत गेले. उघड बोलण्याने काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही. आपल्याकडे मात्र ही भीती भिंतीवरच्या जाहिराती पोसतात. 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' वाचून पोरे लॉजवर बसलेल्या वैदूकडे जातात आणि हजारो रुपये घालवून येतात.

शेवटी एक गंभीर गोष्ट. कातडीखाली गाठ लागत असेल, न भरणारी जखम असेल, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर एक आठवडाही थांबू नका. वर्षानुवर्षे घट्ट कातडीखाली साचलेली घाण आणि सूज, त्यात तंबाखू आणि काही विषाणूंचा संसर्ग, यांमुळे लिंगाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तो फार आढळणारा कर्करोग नाही. लवकर सापडला तर अवयव वाचवता येतो. उशीर झाला तर तो कापावा लागतो. आणि उशीर होण्याचे कारण बहुतेक वेळा लाज हेच असते, कारण आवळलेल्या कातडीखाली काय चालले आहे ते दिसत नाही आणि माणूस दाखवत नाही.

घरातल्या बाईला या बाबतीत पुष्कळ करता येते. नवरा संबंध टाळतो आहे, लघवीला जाऊन बराच वेळ लावतो आहे, चड्डीवर रक्ताचा डाग आहे, हे तिलाच आधी दिसते. तिने रागावून न विचारता साधेपणाने विचारावे. बुरशीचा त्रास दोघांनाही होऊ शकतो. तिलाही खाज असेल तर दोघांनी मिळून उपचार घ्यावेत. आणि लग्न ठरलेल्या तरुणांनी 'लग्नानंतर आपोआप ठीक होईल' असे मित्रांचे ऐकू नये. लग्नाआधी एक तपासणी, जमल्यास एक मलम, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

डॉक्टरांसमोर काय बोलावे, हे सुचत नसेल तर एवढेच म्हणा: "डॉक्टर, पुढची कातडी मागे जात नाही." यात अश्लील काही नाही, कमीपणाचेही काही नाही. दारात गर्दी असेल, आत नर्सबाई असतील म्हणून तोंडातून शब्द फुटत नसेल, तर हेच वाक्य चिठ्ठीवर लिहून केसपेपरबरोबर पुढे सरकवा. डॉक्टर ती वाचतील, पडदा ओढतील आणि तपासतील. दोन मिनिटांचे काम असते.